एवढी मोठी केरिस कशासाठी? बालीहून आलेल्या खंजिराबद्दल

प्रश्न असा आहे: घरच्या मंडळींनी बालीहून एक केरिस, म्हणजे इंडोनेशियातला पारंपरिक खंजीर, आणली आहे. म्यानासकट लांबी ७० सेंमीच्या वर, नुसतं पातं ४८ सेंमी, नागमोडी, आणि मुठीवर डोळे वटारलेला सोनेरी राक्षस. विकणाऱ्याने सांगितलं की ही राजवाड्यातली, देहदंडासाठी वापरायची केरिस. पात्याची वळणं मोजली तर बारा भरतात. एवढी मोठी म्हणजे जास्त पवित्र का, लिंबू-रिठ्याने धुतली तर चालेल का आणि भिंतीवर टांगावी का?

आधी लांबीचं बघू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. केरिसचा मान लांबीवर ठरत नाही. जावामधल्या नेहमीच्या केरिसचं पातं साधारण ३३ ते ३८ सेंमी असतं. सगळ्यात जुन्या वळणाची, ज्याला 'केरिस बुदा' म्हणतात ती, त्याहून आखूड आणि रुंद असते. तारीख कोरलेल्या जुन्या केरिसपैकी सर्वांत प्रसिद्ध केरिस शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२ची आहे. तिच्यावर तांब्याच्या पत्र्यात रामायणातले प्रसंग उठवलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात जावामधल्या योग्यकर्ताच्या पाकु आलाम घराण्याने ती क्नाउड नावाच्या डच डॉक्टरला भेट दिली आणि पुढे ती ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात पोचली. तीही काही हातभर लांब नाही. योग्यकर्ताच्या सुलतानाची केरिस 'कांजेंग क्याई आगेंग कोपेक' या नावाने ओळखली जाते. 'कांजेंग क्याई' ही माणसाला लावायची आदराची बिरुदं आहेत. भवानी तलवार म्हटल्यावर तिची लांबी-रुंदी कोणी विचारत नाही, तसंच हे. मान असतो तो नावाला, ती कोणाकडून कोणाकडे आली याला आणि ती घडवणाऱ्या एम्पूला. एम्पू म्हणजे केरिस घडवणारा लोहार, पण नुसता लोहार नव्हे.

मग मोठ्या केरिस आल्या कुठून? मुख्यतः बाली आणि लोम्बोकमधून. तिथलं पातं ४० ते ५० सेंमी सहज असतं, राजघराण्यांतलं त्याहून लांबही, आणि मूठ-म्यान त्या मापाने दांडगं. याचं कारण ती अंगावर कशी वागवतात यात दडलं आहे. जावामध्ये केरिस पाठीमागे, कमरेच्या शेल्यात तिरकी खोचतात, मूठ उजव्या कोपराकडे. समोरच्याला ती जवळजवळ दिसतच नाही आणि तसंच अपेक्षित असतं. बालीत ती पाठीवर उंच बांधतात, मूठ उजव्या खांद्यावरून डोकावते. तिच्यावरचा राक्षस किंवा बायु (म्हणजे आपला वायूच), सोन्याचा पत्रा आणि जडवलेले खडे मिरवणुकीत लांबून दिसायला हवेत. बारिस हा योद्ध्यांचा नाच करणाऱ्याची आकृती मागून पाहिली की लगेच कळतं: केरिस नसती तर ती पाठ ओकीबोकी दिसली असती. थोडक्यात, बालीतला मोठेपणा दर्शनासाठी आहे. तुमची केरिस, वर्णनावरून, याच घराण्यातली किंवा तिची नक्कल आहे.

'देहदंडाची केरिस' म्हणून ओळखला जाणारा प्रकार मात्र बालीचा नाही, तो सुमात्रा आणि मलाय मुलखातला. तिकडे 'केरिस पांजांग', म्हणजे शब्दशः लांब केरिस, असा एक प्रकार आहे: अर्ध्या मीटरच्या आसपास, सरळ, अरुंद, सुईसारखं निमुळतं होत जाणारं पातं. गुन्हेगाराच्या गळपट्टीच्या हाडामागून ते खाली हृदयापर्यंत घालायचं, अशी शिक्षेची पद्धत होती. त्यावरून युरोपीय संग्राहकांनी प्रत्येक लांब सरळ केरिसला 'देहदंडाची' हे लेबल चिकटवलं आणि ते दुकानदारांना फार आवडलं. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक केरिस हुद्द्याची खूण म्हणून मिरवल्या जात. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत कुळाचा प्रमुख ती पुढे, पोटाशी खोचतो. नागमोडी पातं आणि राक्षसाची मूठ असलेल्या केरिससाठी ही कहाणी कोणी सांगत असेल तर त्याला माल खपवायचा आहे, एवढंच समजावं.

याहून मोठ्या, पुरुषभर किंवा चौकात उभारलेल्या केरिसही आज दिसतात. मदुरा बेटावरचं सुमेनेप आणि जावामधलं सुराकार्ता ही केरिसची गावं. सुराकार्तात २०१७ साली केरिसचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. युनेस्कोने २००५ मध्ये केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरवलं आणि २००८ मध्ये यादीत घेतलं, तेव्हापासून अशा प्रतिकांना ऊत आला आहे. ती स्मारकं आहेत, शस्त्रं नव्हेत. त्यांच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या हातातली वस्तू वाचू. पातं म्यानातून काढून (कसं काढायचं ते पुढे आहे) मुठीजवळचा भाग बघा. खऱ्या केरिसचं बूड कधीच दोन्हीकडे सारखं नसतं. एक बाजू लांब टोकदार, दुसरी आखूड, आणि पातं स्वतः किंचित पुढे झुकलेलं, जणू कोणी अदबीने वाकून उभं आहे. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या असतील तर तो दुसरा कुठला खंजीर असेल, केरिस नाही. बुडाशी एक आडवी पट्टी असते, ती बहुधा वेगळी घडवून बसवलेली. लिहितात 'गंजा', जावामध्ये उच्चारतात 'गोंजो'; आपल्या गंजाशी किंवा गांजाशी तिचा काही संबंध नाही. पातं आणि गोंजो यांच्यामध्ये केसासारखी सांधरेघ दिसायला हवी आणि ती दोन्ही अंगांनी, शिवाय कडेवरही सलग जायला हवी. सजावटीच्या नगांवर ती रेघ नुसती कानशीने ओरखडलेली असते, कडेवर गेलं की संपते. (गोंजो पात्यातूनच काढलेल्या केरिसही असतात, त्यामुळे रेघ नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका, ओरखडलेली रेघ आहे म्हणून मात्र द्या.) एका बाजूला वर बऱ्याचदा एक बारीक बाकदार कळी असते, हत्तीच्या सोंडेसारखी. तिला 'केंबांग काचांग', म्हणजे शेंगेचं फूल म्हणतात आणि तिच्याखालच्या उंचवट्याला 'लांबे गाजाह', हत्तीचा ओठ. ही नक्षी कानशीने हळूहळू काढावी लागते. घाईच्या कामात सोंड जाड आणि बोथट राहते.

वळणांचा हिशेब. एका वळणाला 'लुक' म्हणतात आणि लुकची संख्या नेहमी विषम असते: ३, ५, ७, ९, ११, १३. त्याच्या पुढच्यांना 'कलाविजा' म्हणतात, म्हणजे नेमाबाहेरच्या. मोजायचं बुडापासून टोकाकडे, फक्त फुगीर बाजू धरायची आणि आलटून पालटून: एक डावीकडची, मग उजवीकडची. अंगठा टेकवत गेलात तर चुकत नाही. बारा भरल्या तर सर्वांत जास्त शक्यता ही की बुडालगतचं पहिलं, अगदी उथळ वळण सुटलं. त्या खालोखाल शक्यता टोकाजवळचं शेवटचं सुटल्याची. दोन्ही तपासूनही बाराच भरत असतील, तर ते पातं परंपरा माहीत नसलेल्या हाताने केलेलं आहे. आणखी एक खूण: खऱ्या पात्यात वळणं टोकाकडे जाताना अरुंद आणि उथळ होत जातात. पत्र्यातून कापलेल्या पट्टीत ती बुडापासून शेवटपर्यंत करवतीच्या दात्यांसारखी एका मापाची असतात. जाडीही तशीच बघा. घडवलेलं पातं बुडाशी जाड आणि टोकाकडे पातळ, म्हणून लांब असूनही तोल मुठीच्या जवळ राहतो. एकाच जाडीची पट्टी हातात धरली की पुढे झुकते. ही परीक्षा डोळे मिटूनही करता येते आणि बाकी कशापेक्षा ती कमी फसवते.

यानंतर पामोर, म्हणजे पात्यावरची चंदेरी-काळी नक्षी. लोखंड आणि निकेल असलेला धातू एकत्र तापवून, ठोकून, घडी घालून परत ठोकतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे सात घड्यांत एकाचे १२८. मग ही थरांची लगड दोन भागांत करून मध्ये पोलादाचा पत्रा घालतात, धारेसाठी. घडून झाल्यावर बाहेरचे थर जिथे कापले जातात तिथे नक्षी उमटते. 'वोस वुताह', म्हणजे सांडलेले तांदूळ, ही त्यातली सगळ्यात परिचित. 'उदान मास' म्हणजे सोन्याचा पाऊस. व्यापारी ती मागून घेतात. जावातल्या प्रांबानानजवळ पडलेल्या उल्केचा तुकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेला. त्यालाही 'कांजेंग क्याई पामोर' असं नाव मिळालं आणि राजवाड्याच्या केरिससाठी त्यातलं लोखंड वापरलं गेलं. म्हणून आज प्रत्येक दुकानात उल्केच्याच केरिस मिळतात, हे ओघाने आलंच. खरा पामोर लाकडाच्या रेषांसारखा असतो: पात्याच्या खाचेत उतरतो, कडेवर वळतो, उंचवट्याभोवती वर्तुळं करतो. आम्लाने वरून काढलेली नक्षी या चढउतारांकडे दुर्लक्ष करून सपाट चालते आणि कडेला तुटते.

लांब पातं घडवणं अवघड का, हेही यातूनच कळतं. जेवढी लांबी जास्त, तेवढा मधला पोलादी पत्रा सरळ ठेवणं कठीण. तो एका बाजूला सरकला की एका धारेला पोलाद उरतच नाही आणि ती धार मऊ राहते. एकेका टप्प्यात तापवताना टोक आणि बूड एकाच रंगाला येत नाहीत. कमी तापलेल्या जागी थर जुळत नाहीत, मग वर्षांनी तिथे पापुद्रा सुटतो. पाणी देताना लांब नागमोडी पातं पिळवटतं. म्हणून मोठ्या पात्यावर धारेला समांतर बारीक चीर दिसली तर ती वाराची खूण नसून घडणीतला दोष असतो. जावामध्ये अशी केरिस अशुभ मानतात, आणि शस्त्र म्हणून ती खरोखर वाईट असते, त्यामुळे या समजुतीशी वाद घालायचं कारण नाही.

नवी असणं हा दोष नव्हे. १९४५नंतर, म्हणजे स्वातंत्र्यानंतर घडलेल्या केरिसला 'कामार्दिकान' असं मानाचं नाव आहे आणि त्यांतल्या काही जुन्यांना मागे टाकतात. सुमेनेपमधल्या एंग तोंग-तोंग गावात आजही घरोघरी भाते चालतात. नव्या पात्याला आम्लाने खाऊन, गंजवून 'माजापाहितची', म्हणजे जावाच्या त्या जुन्या साम्राज्यातली, म्हणून विकतात, तिथे लबाडी सुरू होते. जुन्या पात्याची झीज हाताळल्या-धुतल्या जागी जास्त आणि खाचेत कमी असते. आम्लाची झीज सगळीकडे सारखी, फोड आल्यासारखी.

अर्थाकडे वळू. जावी दरबारी भाषेत केरिसला 'चुरिगा' असाही शब्द आहे. संस्कृत 'छुरिका' तिकडे जाऊन 'चुरिगा' झाली आणि आपल्याकडे येऊन 'सुरी'. तिकडे ती राजवाड्यात राहिली, इकडे स्वयंपाकघरात, एवढाच फरक. एक जावी वचन आहे: चुरिगा मांजिंग वारांगका, वारांगका मांजिंग चुरिगा. पातं म्यानात शिरलं आणि म्यान पात्यात शिरलं. सेवक आणि स्वामी, जीव आणि ईश्वर एक होण्याची ही प्रतिमा आहे. म्हणूनच म्यान प्रत्येक पात्यासाठी स्वतंत्र घडवतात आणि दुसऱ्याच्या म्यानात घुसवलेली केरिस जाणकाराला खटकते. सरळ पातं म्हणजे तपाला बसलेला नाग, वळणाचं म्हणजे चालता नाग, असंही सांगतात. लावू डोंगराच्या उतारावर सुकुहचं पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात भीम लोहार होऊन पातं घडवतोय, अर्जुन भाता चालवतोय आणि मध्ये गणपती नाचतोय. लोहारशाळा हे देवत्वाचं ठिकाण आहे, हे एवढ्या थेट क्वचितच कुठे कोरलेलं सापडेल.

लग्नात जावी नवरदेवाच्या केरिसला मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा बांधतात. पूर्वी मोठा सरदार स्वतः न जाता आपली केरिस पाठवून लग्न लावू शकत असे. बालीत नवरा केरिसने एक छोटी विणलेली चटई भोसकतो, त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. आणि १९०६ला बादुंग, १९०८ला क्लुंगकुंग इथे राजघराण्यांनी डच बंदुकांसमोर पांढरे कपडे घालून, हातात केरिस घेऊन 'पुपुतान' केलं, म्हणजे शेवटपर्यंत चालत जाऊन मरण पत्करलं. क्लुंगकुंगची केरिस नेदरलँड्सने २०२३ साली परत केली. त्याआधी २०२०मध्ये डचांशी लढलेल्या जावी राजपुत्र दिपोनेगोरोची 'क्याई नागा सिलुमान' परत आली होती. तेव्हा वाद झाला, कारण 'नागा सिलुमान' या घाटात फक्त नागाचं डोकं दिसतं आणि अंग पात्यात विरतं, पण या केरिसवर अख्खा नाग आहे. उत्तर असं दिलं गेलं की नाव वेगळं आणि घाट वेगळा. लांबीचा मुद्दा त्या वादात आला नाही.

आता धुण्याचं. जावामध्ये सुरो महिन्यात, म्हणजे मोहरमच्या महिन्यात, 'जामासान' करतात. पातं नारळाच्या पाण्यात भिजवून गंज सैल करायचा, मग लिंबाचा रस आणि 'लेराक' यांनी घासून चांदीसारखं पांढरं करायचं. लेराक म्हणजे रिठ्याचाच भाऊबंद, म्हणून तुमच्या मनात आलेला रिठा अगदी आडरानातला नाही. पण खरी गोम पुढच्या पायरीत आहे. पांढऱ्या पात्यावर नक्षी परत आणायला 'वारांगान' लावतात, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला सोमल किंवा मनशीळ. त्याने लोखंड काळं पडतं आणि निकेल चमकत राहतं. सोमल म्हणजे जहाल विष, हे वेगळं सांगायला नको. म्हणून घरी हे करू नका आणि निम्मंही करू नका: लिंबाने घासून पातं पांढरं केलं आणि वारांगान लावलं नाही, तर असलेली नक्षी गेली आणि पुढच्या पावसाळ्यात पातं तांबडं झालं. जुन्या पात्यावर सोमलाचा अंश असतोच. हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांच्या हातात देऊ नका. तुम्ही करायचं ते इतकंच: मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुती कपड्यावर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचे तीन-चार थेंब घेऊन बुडापासून टोकाकडे पुसा, आणि जादा तेल दुसऱ्या कोरड्या कपड्याने उतरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. जादा तेल म्यानाच्या लाकडात मुरलं की आतून डाग पडतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी पुरे. विदर्भात राहत असाल तर उलटी काळजी: उन्हाळ्यात पातं सुरक्षित असतं, म्यान मात्र तडकतं, म्हणून पंखा-कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.

पूजा करायची इच्छा असेल तर खंडेनवमीला खुशाल करा. बालीत 'तुंपेक लांदेप' नावाचा नेमका असा दिवस दर २१० दिवसांनी येतो. केरिसपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्या लोखंडी वस्तूंना हार-फुलं वाहतात, आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या झेंडूच्या माळा पाहिलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही. पात्याला थेट हळद-कुंकू मात्र लावू नका. ओलं कुंकू रात्रभर राहिलं तरी गंजाचा ठिपका धरतो. म्यानाला लावा.

काढताना म्यान डाव्या तळव्यावर आडवं घ्या, उजव्या हाताने मूठ स्थिर धरा आणि पातं ओढण्याऐवजी म्यान पात्यावरून मागे सरकवा. टोक कोणाच्या दिशेने नको. अडलं तर हिसका देऊ नका, पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. मूठ सैल वाटली तर घाबरू नका, ती तशीच असते. पात्याच्या शेपटीवर, 'पेसी'वर, सुताचा धागा गुंडाळून ती नुसती दाबून बसवतात. डिंकाने चिकटवू नका. काढायचीच असेल तर हळू पिळत ओढा. जुनी पेसी आतून गंजलेली असते आणि ठोकलं की तिथेच मोडते. सजावटीच्या नगात पेसीच्या जागी खिळा किंवा वेल्डिंग सापडतं, तोही एक पुरावा. म्हणूनच मुठीने खिळ्यावर टांगू नका. जावामध्ये भिंतीसाठी 'ब्लावोंग' नावाची फळी वापरतात, जिच्यावर म्यान दोन ठिकाणी टेकतं. तुमच्या दांडग्या नगाला उभा लाकडी स्टँड बरा, आणि वर सैल सुती पिशवी.

कागदपत्रांचंही बघून घ्या. आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली हत्यारं येतात. ४८ सेंमी म्हणजे जवळपास १९ इंच, तेव्हा शस्त्र परवाना शाखेत चौकशी करून ठेवलेली बरी. तिकडचा कायदाही आहे: २०१०च्या इंडोनेशियन कायद्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. विकणाऱ्याने राजवाड्यातली म्हणून सांगितलं असेल तर ती परवानगी पावतीसोबत दिली होती का, हे घरच्यांना विचारा. दिली नसेल तर बहुधा त्यालाही माहीत होतं की तिची गरज नाही.